बुधवार, गुरुवार, शुक्रवार

“चार पूर्णांक नऊ,” भूषण खैरनार पेटीत डोकं घालून म्हणाला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारची सकाळ होती, सदतीस जण होते. हा आकडा अंदाजाने सांगत नाही, मी मोजले होते.

भूषण इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला होता. थर्मामीटर त्याने त्यापूर्वी फक्त ताप आल्यावर तोंडात धरला असेल. पण आधीच्या रीडिंगसाठी त्याने चिठ्ठीवर पाच लिहून टाकलं होतं, त्याच्याइतकं जवळ कोणी आलं नव्हतं, म्हणून आज रीडिंग घ्यायचा मान त्याचा. हा नियम जुई बोरस्तेने काढलेला. ती त्याच्या शेजारी उभी राहून त्याला डोळा कुठे ठेवायचा ते सांगत होती. मी चार पावलं मागे, हातात वही आणि किल्ली घेऊन.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं, चारी बाजूंनी द्राक्षबागा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे गवतात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी होती, भिंती झडपांच्या, म्हणजे वारा आत यावा आणि ऊन येऊ नये. आत थर्मामीटर. पहिल्या वर्षी थेटे सरांनी ती माझ्याकडे सोपवली, त्याला त्या सोमवारी नऊशे अडतीस दिवस झाले होते. रोज सकाळी साडेआठला रीडिंग. रविवारी, दिवाळीत, परीक्षेत. मला कावीळ झाली तेव्हा बाबांच्या गाडीवर मागे बसून आले होते. वहीत एकही दिवस कोरा नव्हता. या काळात मला आज किती तापमान आहे असं विचारणारी माणसं दोन: एक थेटे सर, आणि दुसरा एक वायरमन. त्याला ती मधमाश्यांची पेटी वाटली होती, आणि तसं नाही हे कळल्यावर त्याने निव्वळ भिडेखातर आकडा विचारला.

मग नोव्हेंबरात जुई विज्ञान मंडळात आली. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. तिने सरांकडून परवानगी घेऊन कँटीनसमोर एक जुना फळा टांगला. त्यावर रोज आजचं किमान तापमान लिहायची आणि खाली एक बुटांचं खोकं ठेवायची: उद्याचं किती, चिठ्ठी टाका. एवढंच. महिन्याभरात खोक्यात रोज शंभरावर चिठ्ठ्या पडायला लागल्या. कॉमर्सची मुलं टाकायची, वॉचमन निवृत्तीकाका टाकायचे, कँटीनच्या हिरामावशी टाकायच्या, एकदा प्राचार्यांनीही टाकली आणि ते तीन अंशांनी चुकले. लोक भेटले की एकमेकांना विचारायचे, तू किती लिहिलंस.

जुईला सगळ्यांची नावं पाठ होती. तिचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं. ती साडेआठला कधीच येत नसे, आठ छत्तीस, आठ एकोणचाळीस, पळत यायची. पण ती आली की माणसं तिच्याकडे सरकत. मी एकदा मुद्दाम फळ्यापाशी जाऊन उभी राहिले होते. मुलांनी मला वाट करून दिली, मॅडमना देतात तशी. मी आकडा वाचला, जो मीच दिलेला होता, आणि परत फिरले.

त्या सोमवारी रीडिंग झाल्यावर थेटे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं होतं. उन्हाळ्याचे दोन महिने, हवामानाच्या विभागात, राहण्याजेवणाची सोय. आमच्या कॉलेजातून एकच नाव जाणार होतं आणि ते पुढच्या सोमवारी कळवायचं होतं.

माझ्या घरी तोवर सगळं ठरलेलं होतं. बी.एस्सी. झालं की बी.एड., मग काकांच्या ओळखीच्या शाळेत नोकरी. एम.एस्सी.चं मी दोनदा बोलून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा बाबांनी मला प्रेमाने पाठीवर थोपटलं होतं. पुण्याला गेले असते, तिथल्या कोणाचं शिफारसपत्र घेऊन आले असते, तर तिसऱ्यांदा बोलताना माझ्या हातात काहीतरी असतं. दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

सर चष्मा पुसत होते. अवघड बोलायचं असलं की ते चष्मा पुसत.

“तुझ्या वहीसारखी वही या जिल्ह्यात नसेल,” ते म्हणाले. “पण त्यांना असं कोणीतरी हवंय, जे परत येऊन कॉलेजात हवामान केंद्र चालवेल. माणसं जमवून. ते जुईला येतं.”

मी म्हटलं, ती रीडिंग घेत नाही सर, ती रीडिंग दुसऱ्यांकडून वाचून घेते.

“तेच मला बघायचंय. हा आठवडा तिला एकटीला सांभाळू दे. तू तिला सगळं नीट समजावून सांग, किल्ली दे आणि लांब राहा. तिचं काम पक्कं असेल तर मला विचार करावा लागेल. नसेल तर प्रश्नच मिटला.”

म्हणजे माझ्याकडे अचूकपणा होता आणि जुईकडे माणसं. तिला अचूकपणा मिळाला असता तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं.

मी तिला दुपारी पेटीपाशी नेलं आणि चाळीस मिनिटं समजावलं. पेटी उघडताना श्वास आतल्या बाजूला सोडायचा नाही. डोळा आणि आकडा एका रेषेत. आधी दशांश वाचायचा, मग पूर्णांक, कारण माणसाच्या जवळ जाण्याने दशांश आधी बदलतो. आर्द्रता मोजणाऱ्या ओल्या थर्मामीटरच्या वातीला पाणी कधी घालायचं. वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर लिहायचं. ती लिहून घेत होती. मध्येच म्हणाली, “ताई, तू हे सगळं रोज करतेस आणि आम्ही नुसत्या टाळ्या वाजवतो.” तिने ते मनापासून म्हटलं होतं, आणि मला ते त्यामुळेच जास्त लागलं.

एक गोष्ट मी सांगितली नाही.

किमान तापमानाच्या थर्मामीटरमध्ये पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि त्यात टाचणीहून बारीक अशी एक काळी सुई बुडलेली असते. थंडी वाढते तसं अल्कोहोल मागे सरकतं आणि सुईलाही मागे ओढतं. उन्हं वर आली की अल्कोहोल पुढे निघून जातं, सुई मात्र तिथेच राहते. ती जिथे राहिली तो त्या रात्रीचा नीचांक. रीडिंग झालं की थर्मामीटर हलकेच तिरका करायचा, म्हणजे सुई घसरत अल्कोहोलच्या टोकाशी येते आणि पुढच्या रात्रीसाठी तयार होते. दोन सेकंदांचं काम. ते केलं नाही तर सुई जुन्याच आकड्यावर बसून राहते, त्याहून जास्त थंडी पडेपर्यंत.

हे मी रोज सगळे फळ्याकडे पळाल्यावर करायचे. जुईने ते कधी पाहिलं नव्हतं.

“अजून काही राहिलं का?” तिने वही मिटताना विचारलं.

“नाही,” मी म्हटलं आणि रीडिंगची मोठी वही आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

मंगळवारी त्या वर्षीची सगळ्यात कडक थंडी पडली. ४.२. सुई आदल्या सकाळी मीच जागेवर आणलेली होती, त्यामुळे हा आकडा खरा होता. मी लायब्ररीच्या खिडकीतून पाहत होते. पेटीभोवती पन्नासाच्या वर माणसं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा, आणि कोणीतरी ‘चार पूर्णांक दोन’ असं ओरडल्यावर सगळा घोळका फळ्याकडे धावला. जुईने पेटी बंद केली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, जसं मी शिकवलं होतं, आणि तीही धावली.

मला वाटलं होतं की मी लांब राहू शकेन. पण वही माझी होती. नऊशे अडतीस दिवसांनंतर तिच्यात खोटा आकडा जाणार हे मला ठाऊक होतं, आणि खरा कोणता हे कळल्याशिवाय मला बसवेना. कॉलेजचं फाटक सकाळी सहाला फिरायला येणाऱ्यांसाठी उघडायचं. बुधवारी मी साडेसहाला आत गेले. पेटीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, पहिल्या वर्षीच करून घेतलेली. सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास मी तिथे उभी राहून अल्कोहोलचं टोक खाली खाली जाताना पाहिलं. ते थांबलं ६.४ वर. सुई होती ४.२ वर, आदल्या दिवशी सोडली तिथेच.

थर्मामीटर तिरका करायला एक बोट पुरलं असतं. मी स्वेटरच्या खिशातून वेगळी छोटी वही काढली, वेळ लिहिली, ६.४ लिहिलं, पेटी बंद केली आणि मागच्या बाजूने निघून गेले.

साडेआठला फळ्यावर पुन्हा ४.२ लागलं. लोकांना त्याचं भलतंच कौतुक वाटलं. सलग दोन दिवस अगदी तोच आकडा म्हणजे काहीतरी विशेष असणार. त्या दिवशी बहुतेकांनी चिठ्ठीवर ४.२ लिहिलं.

गुरुवारी माझ्या छोट्या वहीत ८.१. फळ्यावर ४.२.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत भूषण कँटीनमध्ये माझ्या समोरच्या बाकावर जांभया देत बसला होता. त्याच्या घरची दोन एकर बाग होती. द्राक्षाच्या मण्यांना थंडी बाधू नये म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी सलग दोन रात्री ओळींमध्ये शेकोट्या पेटवून धूर केला होता. मित्राला सांगत होता, “आबा म्हणाले, एवढं काही गार वाटत नाही रे. मी म्हटलं, आबा, तुम्ही स्वेटर घातलाय म्हणून वाटत नाही. कॉलेजचा आकडा सायंटिफिक असतो.” दोघे हसले. मी चहा संपवला. माझा बेत शुक्रवारचा होता. शुक्रवारी साडेआठला थेटे सर स्वतः पेटीपाशी येणार होते. तेव्हा मी सगळ्यांदेखत पेटी उघडून सुई दाखवणार होते, आणि शांतपणे विचारणार होते की हे रोज कोण करत होतं. तो प्रसंग मी मनात इतक्या वेळा घोळवला होता की त्यातली वाक्यंही ठरलेली होती.

शुक्रवारी पहाटे ९.६. थंडी सरळ सरळ ओसरली होती.

साडेआठला सर आले. मीही आले. जुई आठ अडतीसला आली. कोणा कॉमर्सच्या मुलीने पेटीत पाहून ४.२ सांगितलं, जुईने ते वहीत लिहिलं, टाळ्या पडल्या, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं.

“थांब ग जरा,” मागून हिरामावशी म्हणाल्या.

त्या कँटीन सोडून पेटीकडे कधी येत नसत. हाताला पीठ लागलेलं होतं.

“मंगळवारी माझं इडलीचं पीठ रात्रभरात हललं नव्हतं. जसं कालवलं तसंच. बुधवारी दोन बोटं वर आलं. काल तीनाला भिडलं. आज टोप भरून चार बोटं चढलंय. मंग थंडी तेवढीच कशी म्हणती तू?”

जुईने विचारलं, तुम्ही रोज मोजता?

“तुझं खोकं लागल्यापासून. बिनमापाची चिठ्ठी कशी टाकायची?”

कोणीच हसलं नाही. भूषण म्हणाला, आबाही तेच म्हणत होते. निवृत्तीकाका म्हणाले, पहाटे कानटोपी काढून ठेवावी लागली. कॉमर्सची मुलगी म्हणाली, मी नीट बघितलंय हां, चार पूर्णांक दोनच आहे. एकाएकी तिथे सगळेच बोलत होते, आपापलं काही ना काही मोजलेलं सांगत होते, आणि जुई मधोमध उभी राहून एकेकाचं ऐकत होती. ती घाबरलेली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. ती सरांकडे वळली. “सर, मावशींचं पीठ खोटं बोलणार नाही. थर्मामीटरच अडकलाय.”

माझी सगळी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली.

सरांनी पेटीत हात घालून थर्मामीटर तिरका केला. सुई घसरली आणि अल्कोहोलच्या टोकाशी जाऊन थांबली. सगळे माना लांब करून बघत होते. सरांनी जुईला विचारलं, हे रोज करत होतीस का. ती म्हणाली, नाही.

“संपदाने सांगितलं नव्हतं?”

जुईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली गवताकडे.

“सांगितलं असेल सर,” ती म्हणाली. “त्या दिवशी खूप गोष्टी सांगितल्या तिने. माझ्या ध्यानात राहिलं नसेल.”

मला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. मला तिचा राग आला. तिने हेही माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

आता प्रश्न उरला तीन दिवसांचा. भूषणने सुचवलं की मंगळवार आणि उद्याची सरासरी काढून टाकू. कोणी म्हणालं, मावशींच्या बोटांवरून काढू. जुईने मला विचारलं, काही मार्ग आहे का ताई, खरे आकडे कळायला? छोटी वही माझ्या स्वेटरच्या खिशात होती. खिशात हात होता, आणि हातात वही.

“नाही,” मी म्हटलं. “गेलेलं रीडिंग परत मिळत नाही.”

“मग काय लिहायचं?” सरांनी विचारलं.

“काही नाही. रेघ मारायची.”

मी जुईकडून मोठी वही घेऊन उघडली, तीन खोटे आकडे खोडले आणि त्यांच्या जागी तीन आडव्या रेघा ओढल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

त्याच दिवशी संध्याकाळी मी सायकल काढत होते तेव्हा जुई आली. तिने सायकलच्या हँडलवर हात ठेवला, अडवायला म्हणून नाही, नुसताच.

“निवृत्तीकाकांच्या फाटकावरच्या वहीत तुझं नाव आहे,” ती म्हणाली. “बुधवार, गुरुवार, आणि आज. तिन्ही दिवशी साडेसहा.”

मी म्हटलं, अभ्यासाला येत होते.

“लायब्ररी आठला उघडते.”

फाटकातून कोणीतरी तिला हाक मारली, तिने हात हलवला आणि परत माझ्याकडे वळली.

“ताई, तुझ्याकडे आकडे असतील तर दे. कुठून आले, कसे आले, मी विचारणार नाही. सरांनाही सांगणार नाही, हवं तर सांगेन की मीच घेऊन ठेवले होते. पुण्याला तू जा. मला त्याचं काही नाही. पण ती तुझी वही आहे. नऊशे दिवसांची. तिच्यात भोक राहायला नको.”

ती हे का म्हणत होती ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. मला वाटत होतं की तिला काहीतरी हवं असणार. एखादी अट, एखादा टोमणा, निदान थोडी तरी मजा. तिथे काहीच नव्हतं. तिला खरोखर वहीचीच काळजी होती, माझ्या वहीची, आणि ती माझ्यापेक्षा जास्त होती म्हणून मला सहन होईना.

“नाहीत माझ्याकडे,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली आणि हँडलवरचा हात काढला.

सोमवारी थेटे सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये उभं केलं. जुईचं काम त्यांना आवडलं होतं, शुक्रवारी तर फारच. इतक्या लोकांनी मिळून उपकरणाची चूक पकडली हे त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. क्षणभर मला वाटलं की ते तिचंच नाव घेणार. मग त्यांनी माझी वही उघडून टेबलावर ठेवली आणि त्या तीन रेघांवर बोट ठेवलं.

“मी निर्णय यावर घेतला,” ते म्हणाले. “इथे काहीतरी बरं दिसेल असं भरून टाकणं किती सोपं होतं. कोणाला कळलंही नसतं. हिने रिकामं ठेवलं. माहीत नाही ते माहीत नाही असं लिहायला ताकद लागते. पुण्यात त्यांना हेच माणूस हवंय.”

त्यांनी माझ्या नावाचं पत्र माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. जुईने माझं अभिनंदन केलं आणि सरांना विचारलं की फळ्यासाठी रंगीत खडू मिळतील का.

याला आता आठ वर्षं झाली. मी पुण्याला गेले, मग एम.एस्सी.ला गेले. बाबांनी त्या पत्राची झेरॉक्स काढून काकांना दाखवली होती. ते सगळं झालं. पण त्या सोमवारी केबिनमधून बाहेर आल्यावर मी थेट घरी गेले नाही. मला माझं पत्र हातात धरून एकदा कँटीनसमोरून जायचं होतं. फळ्यापाशी जी गर्दी असेल तिने ते बघावं असं मला वाटत होतं.

गर्दी होती. मी मोजली नाही, पण साठाच्या खाली नसावी. जुईने शनिवारीच फळ्यावर नवं लिहून ठेवलं होतं. वर तीन दिवस, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. खाली: ‘या दिवसांचं उत्तर आपल्याकडे नाही. तरीही अंदाज सांगा, आणि कशावरून ते लिहा.’ त्याखाली वेगवेगळ्या अक्षरांत नावं आणि आकडे. भूषणच्या वडिलांचा अंदाज होता, बागेतल्या दवावरून. निवृत्तीकाकांचा, कानटोपीवरून. कोणी मोटारसायकलला किती किका माराव्या लागल्या त्यावरून काढला होता. माझ्या हातातल्या पत्राकडे एकानेही पाहिलं नाही. सगळे फळा वाचत होते, आणि एकमेकांशी वाद घालत होते.

मीही वाचायला लागले. वरून खाली, एकेक ओळ. सगळ्या ओळी चुकीच्या होत्या, काही थोड्या, काही फार, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांमध्ये हे फक्त मला कळत होतं. त्या एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या फळ्यापाशी बरं वाटलं. मग सतरावी ओळ आली.

हिरामावशी. ६.५, ८.०, ९.५. इडलीच्या पिठावरून.

माझ्या छोट्या वहीत ६.४, ८.१, ९.६ होतं. प्रत्येक दिवशी एका दशांशाचा फरक. खऱ्या आकड्याच्या इतकं जवळ, आणि तेही सलग तीन दिवस, त्या खोक्यात तीन महिन्यांत कोणी आलं नव्हतं. मी त्या ओळीवर किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. पुन्हा बुधवार पाहिला, पुन्हा गुरुवार, पुन्हा शुक्रवार.

मान वळवली तेव्हा जुई फळ्याच्या कडेला उभी होती. तिचं लक्ष फळ्याकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी स्थिर, श्वास रोखून धरल्यासारखी.

मी घाईने पुढची ओळ वाचायला घेतली. उशीर झाला होता.

“मावशी,” तिने कँटीनच्या दिशेने हाक मारली. “उद्याचं रीडिंग तुम्ही घ्यायचं.”

भूषणला हे पटलं नाही. उत्तरच नाही म्हणालीस, मग मावशी कशा जिंकल्या, त्याने विचारलं. आणखी दोघातिघांनी त्याला दुजोरा दिला.

“मावशींचं बरोबर आहे,” जुई म्हणाली. “तिन्ही दिवसांचं.”

“पण कशावरून?”

जुईने खडू घेतला आणि सतराव्या ओळीखाली रेघ ओढली.

“आत्ता दिसलं मला,” ती म्हणाली.